अन्न आणि शेतमालाच्या व्यापाराचे शिक्षण : परभणीच्या दारातली संधी

आमचे दुकान कापडाचे, पण आमच्या धंद्याचा हंगाम ठरतो तो शेतात. सोयाबीन मोंढ्यात आले, कापूस वेचणीला लागला की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते. पाऊस लांबला किंवा काढणीच्या वेळी बरसला की लग्नाचा बस्ता अर्ध्यावर येतो आणि उधारीची वही जाड होते. परभणी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड, कुठल्याही पेठेतील कापड दुकानदाराला विचारा, तो हेच सांगेल. तीस वर्षे गल्ल्यावर बसून पिकाचा अंदाज घेण्याची सवय मलाही लागली. पण शेतकऱ्याने माल विकल्यानंतर त्या मालाचे पुढे काय होते, त्यातला पैसा कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नाही.

तो प्रश्न माझ्यापुढे आणला माझ्या भाच्याने. म्हणून आज कापडाचा गज बाजूला ठेवून एका वेगळ्या विषयावर लिहितो आहे. आपल्या मुलामुलींनी अन्नतंत्र आणि कृषी व्यवसाय हे विषय विद्यापीठात का शिकावेत, हा तो विषय.

एका ओल्या सोयाबीनचा हिशोब

माझे मेहुणे एका तालुक्याच्या गावी भुसार मालाचा व्यापार करतात. माल पारखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, अशी त्यांची ख्याती. मूठभर दाणे घ्यायचे, हातावर चोळायचे, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि भाव सांगायचा. एका ऑक्टोबरात काढणीच्या वेळीच पाऊस आला. माल ओला होता, हे त्यांना कळले होतेच. त्यांनी अंदाजाने क्विंटलमागे चार किलो कडता धरला आणि शंभर क्विंटल सोयाबीन घेतले. वाळवून पुढे विकले तेव्हा वजन अंदाजापेक्षा बरेच कमी भरले. त्यांनी हमालांवर संशय घेतला, काट्यावर घेतला, शेवटी नशिबावर घेतला.

भाचा तेव्हा अन्नतंत्राच्या पदवीला होता आणि सुट्टीत घरी आला होता. त्याने उरलेल्या ओल्या कट्ट्यांतला माल ओलावा मोजण्याच्या यंत्रात घातला. आकडा आला १८ टक्के. सोयाबीनच्या खरेदीत आणि साठवणुकीत १२ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो. मग त्याने बापाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला.

"अब्बा, शंभर क्विंटलमध्ये १८ क्विंटल पाणी. म्हणजे कोरडा माल ८२ क्विंटल. तो काही कमी होत नाही. वाळल्यावर त्यात १२ टक्के पाणी राहते, म्हणजे ८२ क्विंटल हा एकूण वजनाचा ८८ टक्के भाग झाला. भागाकार करा. वजन येते ९३ क्विंटल १८ किलो."

घट पावणेसात क्विंटलच्या थोडी वरच होती आणि मेहुण्यांनी कडता धरला होता चार क्विंटलचा. फरक पडला २ क्विंटल ८२ किलोंचा. भाव पाच हजार रुपये धरला तर एका सौद्यात १४ हजार रुपये पाण्यात गेले, अगदी शब्दशः पाण्यात. १८ मधून १२ वजा करून सहा किलो कडता धरला असता तरी ८२ किलोंची तूट राहिलीच असती. हे गणित आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. मेहुणे बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत किती सौदे झाले असतील?"

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कोरडा माल आणणाऱ्या शेतकऱ्याकडून जर कोणी अंदाजाने जास्त कडता घेतला तर ते 'मापात पाप'च झाले. आज मेहुण्यांच्या अडतीवर यंत्र टेबलावर सर्वांसमोर असते. आकडा शेतकरी स्वतः वाचतो. घासाघीस कमी झाली आणि माणसे टिकली. व्यापारात विश्वासाइतके मोठे भांडवल नाही, हे आपल्याला वडीलधाऱ्यांनी शिकवले. तो विश्वास कसा मोजून दाखवावा, हे मुलाने शिकून आणले.

विद्यापीठ शेजारी, आपण अनोळखी

परभणीतील शेती संशोधन आजचे नाही. निजामाच्या राजवटीत, १९१८ साली येथे मुख्य प्रायोगिक शेती सुरू झाली. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय निघाले. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे आहे. याच विद्यापीठात १९७६ मध्ये अन्नतंत्र महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे धान्य, फळे, दूध, मांस यांवर प्रक्रिया कशी करावी याचे पदवी शिक्षण आपल्या गावात जवळजवळ पन्नास वर्षांपासून आहे.

या विद्यापीठाचे काम आपण रोज पाहतो, पण ओळखत नाही. 'परभणी क्रांती' ही भेंडी देशभर पेरली गेली. रब्बी ज्वारीत 'परभणी मोती' आले. २०१८ मध्ये लोह आणि जस्ताचे प्रमाण जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण आला. 'एमएयूएस ७१' हे सोयाबीन मोंढ्यातील कोणत्याही अडत्याला तोंडपाठ आहे. त्यातली 'एमएयू' ही अक्षरे मराठवाडा कृषी विद्यापीठाची आहेत, हे मला भाच्याकडून कळले.

वसतिगृहातील मुले माझ्या दुकानातून चादरी, टॉवेल, पँटपीस नेत असत. बीड, लातूर, नांदेडची, पार विदर्भातली मुले. मी त्यांना घाऊक भावात माल दिला, चहा पाजला. तुम्ही काय शिकता, असे मात्र कधी विचारले नाही. मनात एकच समजूत पक्की होती की, कृषी विद्यापीठ हे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आहे, आपण पडलो दुकानदार. ही समजूत किती महागात पडली ते आता कळते. माझ्या ओळखीच्या किती घरांतील मुले पुण्याला, आखाती देशांत मिळेल त्या नोकरीला गेली! आणि घरापासून दोन-तीन किलोमीटरवर असलेले हे दार कोणी ठोठावलेच नाही.

तेथे शिकवतात तरी काय?

दोन वाटा समजून घ्याव्यात. पहिली अन्नतंत्राची. बारावी शास्त्र शाखेनंतर चार वर्षांची बी.टेक. पदवी. त्यात अन्नातील रसायने, अन्न नासवणारे जंतू, धान्य-डाळी-तेलबियांवरील प्रक्रिया, फळे-भाज्या, दूध, मांस, बेकरी, पॅकिंग, यंत्रसामग्री आणि अन्न सुरक्षेचे कायदे असे विषय येतात. अखेरच्या टप्प्यात विद्यार्थ्याला कारखान्यात प्रत्यक्ष काम करावे लागते.

एक उदाहरण देतो. जुन्या पद्धतीने तूर भरडली तर १०० किलोंमागे साधारण ६५ ते ७० किलो डाळ मिळते. बाकी चुनी आणि टरफलात जाते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सुधारलेल्या पद्धतीत हेच प्रमाण ७५ किलोंच्या पुढे जाते. यंत्राइतकेच महत्त्व आहे ते तूर किती वेळ, किती उष्णतेवर तापवायची आणि ओलावा किती ठेवायचा याला. आपली तूर गाड्या भरून लातूरच्या डाळ गिरण्यांकडे जाते. भरडल्यावर जी किंमत वाढते ती तिकडे राहते. ही वाढलेली किंमत आपल्या जिल्ह्यात ठेवायची असेल तर डाळीचे शास्त्र जाणणारा माणूस हवा.

दुसरी वाट कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची. राज्यातील कृषी विद्यापीठांशी संलग्न काही महाविद्यालयांत ही पदवी आहे. यात शेतीच्या मूळ विषयांबरोबर हिशोब, बाजारभाव, बँक व्यवहार, वायदे बाजार, गोदाम, सहकार, निर्यात असे विषय शिकवतात. थोडक्यात, मोंढ्यात बापजादे जे बसल्या बसल्या शिकले ते शिस्तीने, आणि जे मोंढ्याच्या फाटकाबाहेर असते तेही. पुढे शिकायचे असेल तर हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेत १९९६ पासून कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत असाच अभ्यासक्रम २००० साली सुरू झाला. तेथून निघालेली मुले बियाणे, खत, खाद्यपदार्थ यांच्या मोठ्या कंपन्यांत जातात.

एक नवी सोय सांगण्यासारखी आहे. २०२४-२५ पासून कृषी शिक्षणात नवा आराखडा आला. त्यात काही अडचणीने मुलाला मध्येच थांबावे लागले तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळण्याची तरतूद आहे. ज्यांच्या घरी दुकान चालवायला दुसरा हात नाही, अशांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

हा धंदा तर आपलाच आहे

दर फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. तेथे कधी नीट पाहा. फळांच्या गाड्या, मिठाई, बेकरीचा माल, मसाले, कबाब. निम्मा बाजार खाण्यापिण्याचा आणि त्यात आपली माणसे किती! बागवान, कुरेशी, अत्तार, तांबोळी, नानबाई. पिढ्यानपिढ्या आपण अन्नाचा आणि शेतमालाचाच व्यापार करीत आलो. हुन्नर आपल्याकडे आहे. कमी पडते आहे ते त्यामागचे शास्त्र आणि कायद्याची माहिती. बाजाराचे नियम मात्र आपल्यासाठी थांबत नाहीत.

बागवान बंधू मोसंबीची, केळीची बाग झाडावरच उक्ती घेतात. तोडल्यानंतरही फळ श्वास घेत असते आणि त्याच श्वासाने ते आतून गरम होते, हे समजले तर गाडी कधी भरायची आणि फळ कोठे ठेवायचे याचा निर्णय बदलतो. कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे. त्यासाठी बंद खोली, वायूचे माप आणि तापमान सांभाळावे लागते. हे काम शिकलेल्याचे आहे.

बेकरीवाल्यांचे पाहा. १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आली. म्हणजे वनस्पती तुपाचा डबा घेताना त्यावरील मजकूर वाचता आला पाहिजे. पाव तिसऱ्या दिवशी का बुरसतो, मैदा बदलला की खारी का बसते, याची उत्तरे भट्टीजवळच्या उस्तादाला अनुभवाने ठाऊक असतात. पण डब्यावर 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' असे छापायचे असेल तर चाचणी लागते. अशी तारीख छापलेला माल मोठ्या दुकानात जातो. बाकीचा गल्लीतच राहतो.

मसाल्याचेही तसेच. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होते. हळद कुटून पुडीत भरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिच्यात कर्क्युमिन किती, ओलावा किती, भेसळ नाही याचा दाखला काय, हे विचारणारा परदेशी खरेदीदार आला तर उत्तर कोण देणार?

उर्दू माध्यमाची अडचण

माझी स्वतःची तालीम उर्दू माध्यमात झाली. मराठी मी गिऱ्हाइकांकडून शिकलो, इंग्रजी कामापुरती आली. म्हणून उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या मनातील भीती मी ओळखतो. विद्यापीठातील पदवी शिक्षण इंग्रजीतून असते. भाच्याला पहिले सहा महिने जड गेले. तो घर सोडून परत येण्याच्या गोष्टी करू लागला. मेहुणेही म्हणाले, "येऊ दे, अडत आहेच." त्या वेळी माझी बहीण आडवी आली नसती तर आज हा लेख मी लिहिला नसता.

त्याने एक उपाय काढला. दोनशे पानी वही घेऊन तिचे तीन रकाने केले, उर्दू, मराठी आणि इंग्रजी. पहिल्याच ओळीत लिहिले : नमी, ओलावा, मॉइश्चर. मग खमीर, आंबवण, फर्मेंटेशन. वर्गात शब्द अडला की वहीत लिहायचा, रात्री पाठ करायचा. दुसऱ्या वर्षी वहीची गरज उरली नाही. ती वही आता आमच्या मोहल्ल्यातील तिसऱ्या मुलाच्या हाती आहे.

प्रवेशासाठी राज्याची सामायिक परीक्षा, म्हणजे सीईटी द्यावी लागते. तिच्यात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठी व उर्दूतही घेता येतात, गणित मात्र इंग्रजीतच असते. ही गोष्ट आपल्या कित्येक पालकांना माहीत नाही. म्हणून मुलांना आठवीपासूनच गणित इंग्रजी शब्दांत शिकवण्याची सवय लावावी. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेले बरे, म्हणजे पुढे कोणतेही दार बंद होत नाही.

ज्यांना बारावी शास्त्र जमणार नाही त्यांनीही निराश होऊ नये. दहावीनंतर कृषी पदविकेची वाट आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून धंदा सांभाळत फळबाग, भाजीपाला यांसारखे कृषी शिक्षण घेता येते.

कागदपत्रे आजच पाहा

प्रवेशाच्या वेळी आपली मुले गुणांत कमी पडतात त्याहून जास्त कागदांत अडकतात. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. पण जातीचा दाखला, त्याची वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हे सर्व वेळेत हाती हवे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्याकडे आजोबांचे शाळेचे दाखले आणि महसुली कागद निजामकाळातील, उर्दूत लिहिलेले असतात. ते ट्रंकेतून काढा, जुन्या शाळेतून प्रवेश निर्गम उतारा घ्या, अधिकृत भाषांतर करून घ्या. हे काम निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. मूल नववी-दहावीत असतानाच सुरू करा. घरात कोणाच्या नावे सातबारा असेल तर तोही काढून ठेवा.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक पदवीच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली. मुलगी गावातच राहून, रोज घरी येऊन पदवी घेऊ शकते, अशी सोय परभणीकरांना आहे. बाहेरगावच्या पालकांना ती नाही.

पदवीनंतर काय?

हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो आणि विचारलाच पाहिजे. प्रक्रिया उद्योगातील नोकरी, अन्न तपासणी प्रयोगशाळा, सरकारी परीक्षा, बँकांतील कृषी अधिकारी या वाटा आहेत. स्वतःचा धंदा करायचा असेल तर केंद्राने २००२ मध्ये सुरू केलेली ॲग्री-क्लिनिक व ॲग्री-बिझनेस केंद्र योजना कृषी पदवीधरांसाठी आहे. तिच्यात मोफत प्रशिक्षण आणि बँक कर्जावर सर्वसाधारण उमेदवारास ३६ टक्के, महिलांना ४४ टक्के अनुदान ठेवले गेले. २०२० मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद झाली. मुदत आणि अटी जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारून मगच पुढे जावे. कर्ज घ्यायचे की भागीदारीत भांडवल उभारायचे, हा ज्याचा त्याचा निर्णय.

मात्र एक इशारा. अनुदान मिळते म्हणून यंत्र आणू नका. यंत्र आणणे सोपे, कच्चा माल भरायला खेळते भांडवल आणि तयार मालाला गिऱ्हाईक मिळवणे अवघड. अनुदानाच्या भरवशावर उभी राहिलेली आणि दोन हंगामांत कुलूप लागलेली शेडे मी पाहिली आहेत. पदवी म्हणजे बरकतीची हमी नव्हे. पण ज्याच्या घरी आधीच अडत आहे, फळाची वखार आहे, भट्टी आहे, त्या घरातील शिकलेला मुलगा शून्यापासून सुरुवात करीत नाही. त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे, उधारी कोणाला द्यावी याची पारख आहे. शिक्षण त्यावर चढले की खरा फायदा होतो.

आज आमचा भाचा बापाच्या शेजारी बसतो. माल अजूनही बापच हातावर चोळून पाहतो, आकडा मुलगा यंत्रावर पाहतो. बहुतेक वेळा दोघांचे जमते. जमले नाही तर सौदा यंत्राच्या आकड्यावर होतो. त्यांनी धान्य स्वच्छ करून प्रतवारी लावण्याचे एक यंत्र घेतले आहे. डाळ मिलचा विचार अजून कागदावरच आहे, घाई नाही.

कापडाच्या धंद्यात तयार कपडे आणि मोबाईलवरील खरेदी आल्यापासून माझ्या दुकानातील गज पूर्वीसारखा फिरत नाही. मुलांना या गल्ल्यावर बसवून मी त्यांना काय देणार, हा प्रश्न रात्री छळतो. माझी धाकटी मुलगी यंदा दहावीला, उर्दू शाळेत आहे. घरातील मोठ्यांचे मत होते, तिने कला शाखा घ्यावी. मागच्या महिन्यात तिला घेऊन विद्यापीठात गेलो. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेलो. परत येताना तिने भावाकडे ती तीन रकान्यांची वही मागितली.

व्यापारी बांधवांनो, आपल्या प्रत्येक दुकानातून, प्रत्येक भट्टीतून, प्रत्येक वखारीतून एक तरी मूल या शिक्षणाला पाठवा. जमत नसेल तर निदान एक दिवस मुलाचा हात धरून विद्यापीठाच्या फाटकातून आत जाऊन या. आत जायला पैसे लागत नाहीत.